नीट ऐकू आलं नाही

माझे सासरे बॉनेट न उघडता गाडीचा रोग सांगायचे अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोडलं नव्हतं. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. गाडी कोपऱ्यावरून वळली की हात वर करायचे, म्हणजे बाकीच्यांनी गप्प व्हायचं. मग डोळे मिटून सांगायचे, इंजिनातलं टॅपेट वाजतंय, नाहीतर मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं, हे मान्य करायला हवं. लोक त्यांना उस्ताद म्हणायला लागले, आणि चारचौघांनी उस्ताद म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात जे शिरतं ते त्यांच्या डोक्यात शिरलं. पुढे कान गेले. डोक्यात शिरलेलं मात्र तिथेच राहिलं.

कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पंख्याचा आवाज फार होतो म्हणून ऐकू येत नव्हतं. मग पंखा बंद केला तरी येईना, तेव्हा लोकांना बोलता येत नाही असं ठरलं. हल्लीची माणसं शब्द चावतात, ओठ उघडत नाहीत, आमच्या वेळी असं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्यातला प्रकार. कानाच्या मशीनचं नाव एकदा काढलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, की मी दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीवर बसून पेशंटची नावं पुकारते, तर मला कानातलं कधीपासून कळायला लागलं.

एकदा शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी गॅरेजमध्ये आली. मागचं चाक असं घरघरत होतं, की समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर करून पाहिलं. उस्तादांनी हात वर केला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "लोण्यासारखी चाललीय. घेऊन जा." ड्रायव्हरने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याने बुटांकडे पाहिलं. गाडी गेली, आणि मग हा मागच्या दाराने पळत सुटला, पुढच्या गल्लीत गाडी अडवली आणि तिथे रस्त्यावर उताणं पडून बेअरिंग बदललं. वडिलांना कळू नये म्हणून. घरी आला तो पाठीला धूळ घेऊन, आणि जेवताना मला म्हणाला, उगाच त्यांना कशाला दुखवायचं. नवरा माणूस म्हणून चांगला आहे, पण त्याच्या पाठीत देवाने कण्याच्या जागी रबरी पाइप बसवलाय असं मला कधीकधी वाटतं.

या सगळ्याचा भार पडला तो सासूबाईंवर. कोणी काही बोललं की उस्ताद मान वळवून त्यांच्याकडे बघायचे, आणि त्या तेच वाक्य छाती भरून ओरडून पुन्हा सांगायच्या. दूधवाला उद्या येणार नाही, नळाला पाणी कमी आहे, मुलीचा फोन आहे, बातम्यांत अमुक म्हणताहेत. सकाळी डोळा उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत हेच. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, जिना मधोमध, त्यामुळे घरातली एकही गोष्ट घरात राहत नसे. उस्तादांच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला तेव्हा सासूबाईंनी तो स्वयंपाकघरातून तीनदा सांगितला, दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत: प्रोस्टेट थोडं वाढलंय, पण घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी जिन्यात उस्तादांचा हात हातात घेतला आणि घाबरायचं कारण नाही म्हणून धीर दिला. उस्ताद म्हणाले, हो, आज ऊन जास्तच आहे.

मग सासूबाईंचा आवाज जायला लागला. आधी चिरका झाला, मग फाटला, मग अर्ध्या वाक्यातच नाहीसा व्हायचा आणि नुसती हवा यायची. माझी नणंद, म्हणजे वन्सं, दूरच्या शहरात राहतात आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांनी फोनवर गुळण्या सांगितल्या, आलं सांगितलं, मध सांगितला, वाफ सांगितली, आणि वहिनी जरा आईकडे लक्ष देत जा असंही सांगितलं. माझ्या नवऱ्याने सर्दी म्हणून सोडून दिलं. उस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, आवाज बसलाय? मला तर नेहमीसारखाच येतो. हे मात्र अगदी खरं होतं.

शेवटी मीच अर्धी रजा टाकून सासूबाईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरबाई तरुण होत्या, हसऱ्या, पण फुकट शब्द न खर्चणाऱ्या. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून घशाचं चित्र पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एकीच्या काठावर डाळीच्या दाण्याएवढी लाल गाठ.

"आजी, तुम्ही शिक्षिका होता का?"

सासूबाईंनी मान हलवली. गाता का, बाजारात काही विकता का, हेही विचारून झालं. त्यावरही नाहीच.

"मग घरी कुणाला कमी ऐकू येतं का?"

"कमी नाही," सासूबाई त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "येतच नाही."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता सांगितलं, की ही गाठ ओरडून ओरडून झालेली आहे. दिसायला वाईट नाही, पण काढायला हवी आणि काढून तपासायलाही हवी. तोंडातूनच काढतात, बाहेर टाका नाही, पट्टी नाही. त्यानंतर आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि पुढे जन्मात ओरडायचं नाही. निघताना म्हणाल्या, "त्यांनाही घेऊन या. कानही मीच बघते."

उस्तादांना हे सांगायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. नाइलाजाने, कारण सासूबाईंना आता बोलवत नव्हतं आणि मी सांगितलेलं उस्तादांना कळत नाही हे जुनंच आहे. बायकांचे आवाज बारीक असतात असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने त्यासाठी वेळ कोणती निवडली, तर बातम्या चालू असतानाची. टीव्हीकडे तोंड करून, कॉलरीत बोलल्यासारखा तो म्हणाला, आईच्या घशातली गाठ काढायचीय, उद्या न्यायचंय. उस्तादांच्या कानांपर्यंत पोचले ते शब्द तीनच: आई, गाठ, उद्या. न कळलेल्या वाक्याला जोरात होकार द्यायची त्यांची पद्धत होती. ते म्हणाले, "हो हो, घेऊ दे की गाठ. माझी काय ना आहे?" गाठ काढणं आणि गाठ घेणं यात केवढं अंतर आहे हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण नवऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. तो आत येऊन मला म्हणाला, सांगितलं, काही बोलले नाहीत. आम्ही समजलो की त्यांना माहीत आहे.

आता सासूबाई कुणाची गाठ घ्यायला जाणार? माहेरचं माणूस म्हणून एकच उरलेलं होतं, त्यांचा धाकटा भाऊ. त्याचं नाव आमच्या घरात कित्येक वर्षांत निघालेलं नव्हतं. त्यामागची गोष्ट मला सासूबाईंनी एकदाच सांगितली होती. त्यांची आई शेवटची आजारी होती तेव्हा भावाने निरोप धड दिला नाही, त्या पोचल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं, आणि वर दारातच भावाने विचारलं, पाहुणे जेवले का? त्या वाक्याचा अर्थ त्यांना कळला नाही. आईच्या मढ्यासमोर भाऊ आपल्याला टोमणा मारतोय एवढंच कळलं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. उस्ताद तेव्हा म्हणाले होते, असला भाऊ असून नसल्यासारखा. ते वाक्य त्यांनी पुढेही अधूनमधून पुरवून वापरलं.

ऑपरेशन सकाळी झालं. संध्याकाळी मी सासूबाईंना रिक्षातून घरी आणलं. चेहरा उतरलेला, हातात पिशवी. उस्ताद दारातच उभे होते.

"झालं का गाठीचं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मान डोलावली.

"मग, काय म्हणतात?"

सासूबाईंना वाटलं डॉक्टरांबद्दल विचारताहेत. त्यांनी बोलायचं नाही अशी खूण म्हणून हात आडवा करून गळ्यावर धरला आणि आत जाऊन पडल्या. उस्तादांनी त्या खुणेचा अर्थ लावला तो असा, की सगळं गळ्याशी आलंय. त्या रात्री ते जेवलेसुद्धा कमी. मला वाटलं, बायकोची काळजी. मनात म्हटलं, बघा, उशिरा का होईना पाझर फुटला.

दुसऱ्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. उस्तादांनी स्वतः चहा केला. साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बिनसाखरेचाच केला, आणि सासूबाईंच्या उशाशी नेऊन ठेवला. डॉक्टरांनी गरम काही घ्यायला मनाई केली होती, त्यामुळे तो तिथेच राहिला. उस्तादांना वाटलं, चहा नाकारला. मग स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार, जे माझ्या लग्नापासून लोंबत होतं, ते त्यांनी दुपारभर बसून नीट केलं. सासूबाईंनी बघितलं, मान हलवली, बोलल्या नाहीत. मग फळं आली. मग नवी चप्पल आली, एक माप लहान.

आणि त्यानंतर कबुल्या सुरू झाल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती आहे हे कळत नाही. ते सासूबाईंपाशी बसून आपल्या समजुतीने कानात बोलायचे, आणि खालचे पोस्टमास्तर रेडिओ बंद करून ऐकायचे. काचेची बरणी मोलकरणीने नव्हती फोडली, त्यांनी फोडली होती. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली सिगारेट गॅरेजच्या मागे अजून चालू होती. वन्संच्या लग्नात सासूबाईंच्या मावशीला बोलवायचं राहून गेलं नव्हतं, त्यांनीच तिचं नाव खोडलं होतं. दर कबुलीनंतर ते वर बघायचे, बाईचा चेहरा बदलतो का ते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. त्यांना हसू दाबावं लागत होतं, आणि हसायलाही मनाई होती.

मी नवऱ्याला म्हटलं, हे काय चाललंय, त्यांना कुणीतरी विचार तरी. तो म्हणाला, वय झालं की माणूस हळवा होतो. वन्संना फोनवर सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. बाबांचं आईवर किती प्रेम आहे, हे आपल्या पिढीला नाही जमायचं, म्हणाल्या.

आठवडा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. माझी सुट्टी होती. सासूबाई बाल्कनीत मटार सोलत बसल्या होत्या आणि मी शेजारीच कपडे वाळत घालत होते. उस्ताद आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. बराच वेळ गुडघ्यांवर हात चोळत राहिले. चोराच्या मनात चांदणं असतं, पण ते इतकं लख्ख पडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"त्याने तुला सांगितलं ना," ते म्हणाले. "मला माहितेय त्याने सांगितलं. मग आता मीही सांगतो."

सासूबाईंनी वर पाहिलं.

"फोन आला होता वेळेवर. मला नीट ऐकू आला होता. तो म्हणाला, आई जातेय, ताईचं नाव घेतेय, आजच्या आज पाठवा. पण त्या दिवशी तो ट्रकवाला शेठ जेवायला येणार होता, बायकामुलांना घेऊन. त्याचे सगळे ट्रक आपल्याकडे यायचे होते. तू गेली असतीस तर स्वयंपाक कुणी केला असता? मी म्हटलं, पाहुणे आहेत, उद्या पाठवतो. एका दिवसाने काय होतंय असं वाटलं मला. म्हातारी माणसं अशी आठ आठ दिवस काढतात." मग म्हणाले, "शेठचे ट्रक नाहीच आले शेवटी."

सासूबाईंचा हात थांबला नाही. हेच मला अजून आठवतं. शेंग उचलायची, नखाने उकलायची, दाणे भांड्यात, टरफल सुपात. शेंगा संपल्या तरी त्या टरफलंच उचलून पुन्हा उकलत राहिल्या. ते बाल्कनीत काय बोलले हे खालच्या अंगणापर्यंत गेलं होतं. तिथे कुणाची तरी बादली भरून वाहत होती आणि कुणी नळ बंद करत नव्हतं.

तेव्हा उस्तादांनी घरी काय सांगितलं होतं हे मला माहीत होतं, सासूबाईंनीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निरोप दिला तो असा, की काल तुझ्या भावाचा फोन होता, पण गॅरेजात गाड्या चालू होत्या, नीट ऐकू आलं नाही, आईचं काहीतरी म्हणत होता, तोंडातल्या तोंडात बोलतो तुझा भाऊ. कोपऱ्यावरच्या गाडीचं टॅपेट ऐकणारा माणूस. आणि सासूबाईंनी ते खरं मानलं होतं. नवऱ्याचं खरं मानायची त्या पिढीच्या बायकांना सवयच लावलेली असते, आणि सवय लावणारे वर म्हणतात, आमच्या वेळी घरं टिकायची.

सासूबाई उठल्या. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि आत जाऊन माझा फोन आणून माझ्या हातात दिला. मग परत घेतला आणि स्वतःच नंबर दाबला. न अडखळता, एका दमात. फोन लागल्यावर त्यांनी तो माझ्या कानाला लावला आणि ओठांनी आकार केला: भाऊ.

मी बोलले. मी कोण ते सांगितलं, ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्यांना बोलायची मनाई आहे, पण त्या इथेच आहेत, हे सांगितलं. मग उस्तादांनी बाल्कनीत जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून मामांनी विचारलं:

"म्हणजे ताईला माहीतच नव्हतं?"

"नाही, मामा."

"मी तिला पाहुणे जेवले का असं विचारलं हो," ते म्हणाले. "दारात."

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. सासूबाईंनी डॉक्टरांचा नियम मोडला नाही. नुसत्या नाकाने श्वास घेत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, तेही आवाज न करता.

उस्ताद स्टुलावरून उठून बाल्कनीच्या दारात उभे होते. ते माझ्या तोंडाकडे आणि फोनकडे पाहत म्हणाले, की भेटून आल्यावर पुन्हा फोन कशाला. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख उजाडलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: आईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलायला बंदी आहे. त्या भावाकडे गेल्या नव्हत्या.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता हा माणूस खाली बसेल, निदान मान खाली घालेल. त्यांचा चेहरा लाल झाला. "मग हे मला आधी कुणी सांगायचं नाही?" ते ओरडले. "घरातल्या घरात मला फसवता? मी काय परका आहे?" संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्यावरही ओरडले, की तू तोंडातल्या तोंडात बोलतोस म्हणून हे झालं. नवऱ्याने बुटांकडे पाहिलं. वन्संचा फोन आला. त्यांचं म्हणणं, इतक्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं, बाबांचं बीपी वाढेल. आईचं काय वाढेल हे त्यांनी विचारलं नाही.

दोन दिवसांनी मी सासूबाईंना भावाकडे घेऊन गेले. बसने तासाभराचाच रस्ता होता. तेवढ्या रस्त्याला आयुष्यातली अर्धी वर्षं लागली होती. मामा दारातच उभे होते, काठी टेकून, एका गुडघ्याने वाकडे झालेले. दिवसभर तेच बोलले. आईने शेवटी काय मागितलं, कोणती कूस धरली, किती वेळा दाराकडे पाहिलं. सासूबाई ऐकत होत्या. गप्प बसायची शिक्षा त्या दिवशी त्यांना सोयीचीच पडली असावी. त्या गोष्टींवर बोलण्यासारखं काय असतं?

गाठीचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी बोलायची परवानगी दिली, हळू, जवळच्या माणसाशी बोलावं तसं. आवाज परत आला होता, बारीक पण स्वच्छ. त्या घरी आल्या तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. उस्ताद मधल्या खुर्चीत, निकाल ऐकायला बसल्यासारखे. सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आईला मी शेवटचं पाणी पाजलं असतं. तेवढंच."

एवढंच बोलल्या, त्या हळू आवाजात, आणि आत गेल्या.

उस्तादांनी त्यांचे ओठ हललेले पाहिले होते. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मग माझ्याकडे वळले. काय म्हणाली ती, त्यांनी विचारलं. मी जवळ गेले आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "मला नीट ऐकू आलं नाही."

पोस्टमास्तरांनाही ते गेलं असावं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजून वाटत नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी ओरडणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं त्या म्हणत. स्वयंपाक, औषधं, कपडे, सगळं आधीसारखं करायच्या, पण उस्तादांकडे कुणी बोलायला आलं की त्या मधे पडत नसत. उस्तादांनी मान वळवली तर त्यांना भिंत दिसायची. गॅरेजात तर त्यांची पंचाईत आधीपासूनच होती, कारण नवऱ्याचा आवाज मुळातच घशाच्या वर येत नाही. आणि रोज दुपारी जेवणं झाली की सासूबाई भावाला फोन लावायच्या. उस्तादांच्या समोरच, त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून, अर्धा अर्धा तास. कधी हसायच्या. कधी "हो ना" म्हणत मान हलवायच्या. उस्ताद वर्तमानपत्र तोंडासमोर धरून पान न उलटता बसायचे.

इतकी वर्षं मुलाच्या, बायकोच्या, डॉक्टरांच्या सांगण्याने जे झालं नाही, ते त्या फोनने झालं. बायकोला त्रास झाला म्हणून नव्हे. तिच्या घशाची गाठ आपल्यामुळे झाली म्हणूनही नव्हे. ती दोघं आपल्याबद्दल काय बोलतात हे कळलंच पाहिजे, म्हणून. उस्ताद एकटेच डॉक्टरबाईंकडे गेले, कान तपासून घेतले आणि दोन्ही कानांत मशीन बसवून आले. डोक्यावर टोपी कानापर्यंत ओढलेली. आम्हाला सांगितलं, की बाहेर वारा आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी आपली जागा धरली. टोपी तशीच. समोर पाण्याचा पेला आणि बशीत बीपीची गोळी, सासूबाईंनी काढून ठेवलेली. मी रजेवर होते, आणि खरं सांगायचं तर उठावंसं वाटत नव्हतं. सासूबाईंनी फोन लावला.

मामांच्या गुडघ्याला कुठलं तेल लावलं, ते विचारून झालं. ते तेल वास मारतं, दुसरं लाव असं सांगून झालं. मामांच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याने पुन्हा चप्पल पळवली होती, त्यावर दोघं हसले. लहानपणी घरी एक आंधळी मांजर होती, तिचं नाव काय होतं यावर वाद झाला आणि मिटला नाही. डोळ्यांच्या तपासणीला दोघांनी एकाच दिवशी जायचं ठरलं. कांदे महाग झाल्याचं निघालं. झोप लागत नसेल तर दुपारी लवंडू नकोस असं बहिणीने भावाला बजावलं.

उस्ताद पुढे वाकून ऐकत होते. वर्तमानपत्र गुडघ्यावर पडलेलं. एक शब्द सुटू नये असा चेहरा, इंजिन ऐकताना असायचा तसाच. ते आपल्या नावाची वाट बघत होते. शिवी आली असती तरी चाललं असतं त्यांना, असं त्यांच्याकडे बघून वाटत होतं. त्यांच्याबद्दल एक शब्द निघाला नाही. चांगला नाही, वाईटही नाही.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्याकडे वळल्या. टोपीखालचं मशीन त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. त्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली," उस्ताद म्हणाले.

गोळी त्यांच्यासमोर बशीत पडली होती. सासूबाईंनी ती पाहिली, फोन पदराच्या टोकाने पुसला आणि वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या.